अमेरिकेचा अलगतावाद नेमका केव्हा संपला?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघात (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेत) जाण्यास नकार देणारी अमेरिका अवघ्या पंचवीस वर्षांत जगभर लढणारी आणि युद्धानंतरही जगभर सैन्य ठेवणारी सत्ता कशी झाली, हा बदल एकट्या पर्ल हार्बरमुळे, म्हणजे हवाई बेटांवरील अमेरिकी नौदल तळावर जपानने केलेल्या हल्ल्यामुळे, झाला असे मानावे का, आणि त्यामुळे खुद्द अमेरिकी समाजात काय बदलले?

मी जवळजवळ तीस वर्षे पदव्युत्तर वर्गांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवला. या विषयावरच्या उत्तरपत्रिकांत मी सर्वाधिक वेळा वाचलेले विधान म्हणजे ‘७ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकेने अलगतावाद सोडला’. त्यातली तारीख बरोबर असली तरी निष्कर्ष अपुरा आहे. माझ्या मते अमेरिकेच्या धोरणाचे वळण १९४० च्या उन्हाळ्यात आले, पर्ल हार्बरने देशांतर्गत वाद संपवला, आणि शांततेच्या काळातही जगाची जबाबदारी अंगावर घेण्याचा निर्णय १९४७ ते १९५० या काळात झाला. या तीन गोष्टी एकत्र केल्या की सगळा इतिहास एका सकाळच्या बॉम्बहल्ल्यात कोंबला जातो.

आधी शब्दाविषयी थोडे. आपल्याकडे ‘अलिप्ततावाद’ हा शब्द नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाशी जोडला गेला आहे. दोन गटांपैकी कोणत्याही गटात न जाता जगाच्या व्यवहारात पूर्ण भाग घेणे, असा त्याचा अर्थ होतो. अमेरिकेच्या १९२० आणि १९३० च्या दशकांतील वृत्तीसाठी म्हणून मी ‘अलगतावाद’ हा शब्द वापरतो. मात्र ‘अलग’ म्हणजे दारे पूर्ण बंद करून बसलेला देश, असेही समजू नये. १९२१-२२ ची वॉशिंग्टन येथील नौदल परिषद अमेरिकेनेच बोलावली होती, १९२४ च्या डॉज योजनेने जर्मनीचे अर्थकारण सावरले ते अमेरिकी भांडवलावर, आणि युद्धाचा त्याग करण्याच्या १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ करारात अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री पुढाकारात होता. भांडवल, माल आणि सदिच्छा देण्याची तयारी होती. नव्हती ती लष्करी बांधिलकीची. ‘दुसऱ्यासाठी लढू’ असे आगाऊ वचन युरोपातील कोणत्याही देशाला द्यायचे नाही, हा या भूमिकेचा गाभा होता. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७९६ मधील निरोपाच्या संदेशापासून ती अमेरिकी राजकारणात मुरलेली होती.

१९१७ मध्ये या परंपरेला छेद गेला. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि तिची १ लाख १६ हजारांच्या आसपास माणसे मरण पावली. अध्यक्ष विल्सन यांनी राष्ट्रसंघाची कल्पना पॅरिसमध्ये मान्य करून घेतली, पण अमेरिकेत तह मंजूर होण्यासाठी सिनेटचे दोन तृतीयांश बहुमत लागते. नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये ते मिळाले नाही. सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी सुचवलेल्या अटींसह तह स्वीकारायला बऱ्याच सिनेटरांची तयारी होती, हे येथे लक्षात घ्यावे. विल्सन यांनी त्या अटी नाकारल्या आणि आपल्या पक्षालाही नाकारायला लावल्या. राष्ट्रसंघ अमेरिकेविना उभा राहिला त्यामागे परंपरेइतकाच या हट्टाचाही वाटा आहे.

विद्यार्थ्यांना सहसा निसटणारी गोष्ट अशी की १९३० च्या दशकातील अलगतावाद अज्ञानातून आला नव्हता. लोकांनी पहिल्या युद्धाचा हिशेब मांडला होता आणि तो तोट्याचा निघाला होता. दोस्त राष्ट्रांना दिलेली कर्जे १९३४ पर्यंत फिनलंड वगळता जवळपास सगळ्यांनी थकवली होती, तेव्हा त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, जॉन्सन कायदा करून थकबाकीदार सरकारांना नवी कर्जे देण्यास बंदी घातली. युद्धावरून परतलेले सैनिक मंदीत बेकार झाले. कबूल केलेला बोनस लवकर मिळावा म्हणून १९३२ मध्ये हजारोंच्या संख्येने त्यांनी राजधानीत तळ ठोकला, तेव्हा लष्कराने त्यांच्या झोपड्या जाळून त्यांना हुसकावले. १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे एक बेकार होता. १९३४ मध्ये सिनेटर जेराल्ड नाय यांच्या अध्यक्षतेखालील समिती शस्त्रास्त्र कारखानदार आणि बँका यांनी पहिल्या युद्धात किती नफा कमावला याची चौकशी करू लागली, आणि आपल्या मुलांचे बळी या नफ्यासाठी गेले अशी लोकांची खात्री पटत गेली. १९३७ मधील गॅलप यांच्या लोकमत चाचणीत सुमारे ७० टक्के लोकांनी पहिल्या युद्धात उतरणे ही चूक होती असे सांगितले. ज्यांच्या घरातले माणूस फ्रान्समध्ये पुरले गेले होते त्यांच्या या मताला भाबडेपणा म्हणणे मला कधीच न्याय्य वाटले नाही.

१९३५, १९३६ आणि १९३७ चे तटस्थता कायदे याच मनःस्थितीतून आले. युद्धात गुंतलेल्या देशांना शस्त्रे विकायची नाहीत, कर्ज द्यायचे नाही, त्यांच्या जहाजांतून अमेरिकी नागरिकांनी प्रवास करायचा नाही, अशी त्यांची कलमे होती. बारकाईने पाहिले तर त्यातले प्रत्येक कलम १९१५ ते १९१७ मधील एकेका घटनेची पुनरावृत्ती टाळण्यासाठी लिहिलेले दिसते. म्हणजे काँग्रेसने मागचे युद्ध टाळण्याचा कायदा केला होता. त्याचा दोष असा की त्यात आक्रमक आणि आक्रमणग्रस्त यांच्यात भेद नव्हता. ज्याच्याकडे आधीच शस्त्रे होती त्यालाच अशा कायद्याचा फायदा होणार होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी शिकागोच्या भाषणात आक्रमक देशांना संसर्गजन्य रोग्याप्रमाणे वेगळे ठेवण्याची भाषा केली, पण तिच्यावर इतकी टीका झाली की त्यांनी तो विषय पुढे रेटला नाही. जानेवारी १९३८ मध्ये तर, देशावर प्रत्यक्ष हल्ला झाल्याखेरीज युद्ध पुकारण्यासाठी सार्वमत घ्यावे अशा घटनादुरुस्तीवर चर्चा सुरू करण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात २०९ विरुद्ध १८८ अशा थोड्याच मतांनी पडला.

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेच्या नियमित लष्करात दोन लाखांपेक्षा कमी माणसे होती. त्या हिवाळ्यात काँग्रेसने शस्त्रविक्रीवरची बंदी उठवली, पण रोख पैसे द्या आणि माल स्वतःच्या जहाजातून न्या, या अटीवर. हिशेब असा होता की फ्रान्सचे भूदल आणि ब्रिटनचे नौदल जर्मनीला रोखतील आणि अमेरिकेला फक्त दुकान उघडे ठेवावे लागेल.

जून १९४० मध्ये हा हिशेब कोसळला. १४ जूनला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि २२ जूनला फ्रान्सने युद्धबंदी करारावर सही केली. ब्रिटनही पडला आणि त्याचे नौदल हिटलरच्या हाती गेले, तर अटलांटिक हा अमेरिकेचा खंदक न राहता शत्रूचा रस्ता होईल, ही शक्यता वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा गांभीर्याने घेतली गेली. त्यानंतरच्या घटनांचा वेग पाहण्यासारखा आहे. जुलैमध्ये नौदल सुमारे ७० टक्क्यांनी वाढवण्याचा कायदा झाला. सप्टेंबरच्या आरंभी ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका देऊन अटलांटिक आणि कॅरिबियनमधील तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले गेले. १६ सप्टेंबरला अमेरिकेच्या इतिहासातील शांतताकाळातली पहिली सक्तीची सैन्यभरती मंजूर झाली. तिची मुदत एक वर्षाची होती, आणि भरती झालेल्यांना पश्चिम गोलार्ध व अमेरिकी ताब्यातील प्रदेश यांबाहेर पाठवायचे नाही अशी अटही त्यात होती. एवढ्या वळणानंतरही कायद्याची भाषा स्वसंरक्षणाचीच होती. त्या वर्षीच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार वेंडेल विल्की यांनी सैन्यभरतीला आणि ब्रिटनच्या मदतीला मुळात विरोध केला नाही, हा मला फार महत्त्वाचा योग वाटतो, कारण प्रमुख पक्षांपैकी एकाने जरी अलगतावादी उमेदवार दिला असता तरी तो उन्हाळा वेगळा गेला असता. प्रचाराच्या अखेरीस मात्र विल्की आणि रूझवेल्ट या दोघांनीही लोकांच्या मुलांना परदेशी युद्धात न पाठवण्याची हमी दिली.

डिसेंबर १९४० पर्यंत ब्रिटनचे डॉलर संपत आले. तेव्हा रूझवेल्ट यांनी पत्रकारांना शेजाऱ्याच्या घराला लागलेल्या आगीचा दाखला दिला: अशा वेळी आपण पाण्याची नळी आधी देतो, तिची किंमत मागत बसत नाही. मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज कायदा, म्हणजे शस्त्रे आणि माल आधी देऊन पैशांचा हिशेब नंतर करण्याचा कायदा, संमत झाला. प्रतिनिधिगृहात २६० विरुद्ध १६५ आणि सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३१ अशी मते पडली. युद्ध संपेपर्यंत या कायद्याखाली सुमारे ५० अब्ज डॉलरची मदत दिली गेली. तटस्थ देश असे वागत नाही, हे दोन्ही बाजूंना कळत होते.

तरीही विरोध संपला नव्हता. सप्टेंबर १९४० मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीचे सदस्य ८ लाखांच्या घरात गेले होते आणि त्यांच्यात समाजवादी, शांततावादी, मध्य-पश्चिमेकडील रिपब्लिकन, उद्योगपती असे नाना प्रकारचे लोक होते. तिचा सर्वांत प्रसिद्ध वक्ता, वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग याने सप्टेंबर १९४१ मध्ये डी मॉइन येथे युद्धाकडे ढकलणाऱ्यांत ज्यूंचे नाव घेतले आणि चळवळीची नैतिक बाजू स्वतःच्या हाताने कमकुवत केली. काँग्रेसमधली चुरस मात्र अखेरपर्यंत होती. १२ ऑगस्ट १९४१ रोजी, रूझवेल्ट आणि चर्चिल न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात अटलांटिक सनदेचा, म्हणजे युद्धानंतरच्या जगाच्या तत्त्वांच्या जाहीरनाम्याचा, मसुदा पक्का करत असताना, वॉशिंग्टनमध्ये सैन्यभरतीची मुदत वाढवण्याचा कायदा प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२ मतांनी, म्हणजे एका मताने, टिकला. ३१ ऑक्टोबरला ‘रूबेन जेम्स’ ही विनाशिका जर्मन पाणबुडीने बुडवली आणि शंभरावर खलाशी गेले, तरीही अमेरिकेने युद्ध पुकारले नाही. नोव्हेंबरमध्ये व्यापारी जहाजांवर तोफा बसवून ती ब्रिटनच्या बंदरांत नेण्याची परवानगी मिळाली, तीही प्रतिनिधिगृहात २१२ विरुद्ध १९४ मतांनी. पर्ल हार्बरच्या तीन-चार आठवडे आधी देश असा जवळजवळ मधोमध उभा होता.

युद्ध आले ते दुसऱ्या महासागरातून. जुलै १९४१ मध्ये जपानने दक्षिण इंडोचायना व्यापल्यावर अमेरिकेने त्याची मालमत्ता गोठवली आणि प्रत्यक्षात तेलाचा पुरवठा बंद केला. जपानला लागणाऱ्या तेलाचा फार मोठा भाग अमेरिकेतून येत होता. टोकियोपुढे चीनमधून माघार घेणे किंवा डच ईस्ट इंडीजमधील तेलविहिरी बळकावणे, असे दोनच मार्ग उरले आहेत असे तेथील लष्करी नेतृत्वाने ठरवले, आणि दुसऱ्या मार्गावर अमेरिकेचा पॅसिफिक आरमारी ताफा आडवा होता. ७ डिसेंबरच्या हल्ल्यात २,४०३ अमेरिकी मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध १ मताने युद्ध पुकारले गेले. ते एक मत जीनेट रँकिन यांचे होते. १९१७ मध्येही त्यांनी युद्धाविरुद्ध मत दिले होते. हा ठराव फक्त जपानविरुद्ध होता. जर्मनीने ११ डिसेंबरला आपणहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले नसते तर रूझवेल्ट यांना युरोपातील युद्धासाठी काँग्रेसकडून मंजुरी किती सहज मिळाली असती, याविषयी मला आजही शंका वाटते.

प्रत्यक्ष युद्धाच्या हकिगतीत येथे फार शिरत नाही. पण त्या चार वर्षांत देश आतून कसा बदलला हे प्रश्नाचा भाग आहे. १९४० मध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या वर होती, ती १९४४ मध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास आली. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि डेट्रॉइटजवळच्या विलो रन कारखान्यातून १९४४ मध्ये तासाला एक या गतीने बॉम्बफेकी विमाने बाहेर पडू लागली. १९३९ मध्ये सुमारे ४० लाख लोक आयकर भरत होते, १९४५ मध्ये ही संख्या ४ कोटींच्या वर गेली, आणि १९४३ पासून कर पगारातूनच कापला जाऊ लागला. शिकवताना मी याच बाबीवर सर्वाधिक वेळ देत असे. युद्धापूर्वी केंद्र सरकार हे सामान्य अमेरिकी माणसाला टपाल कार्यालयापुरते माहीत होते असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल; युद्धानंतर ते त्याच्या पगारपत्रकात कायमचे शिरले. जगभर सैन्य ठेवणारे राज्य या करावर उभे आहे.

या एकजुटीची काळी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरादारातून उचलून छावण्यांत डांबले गेले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. कृष्णवर्णीय सैनिक वेगळ्या पलटणींत ठेवलेल्या सैन्यातून वंशवादी जर्मनीविरुद्ध लढत होते, आणि ही विसंगती त्यांच्या वृत्तपत्रांनी परदेशातील व देशातील असे दोन्ही विजय मागून उघड बोलून दाखवली. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिल्यावर जून १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील भेदभावाला बंदी केली. रूझवेल्ट यांच्यानंतरचे अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील भेदभाव संपवण्याचा आदेश काढला तो जुलै १९४८ मध्ये. नागरी हक्कांच्या पुढच्या चळवळीत युद्धावरून परतलेली माणसे आघाडीवर दिसतात.

परतणाऱ्या सैनिकांच्या बाबतीत १९३२ ची लाज सत्ताधाऱ्यांच्या चांगली स्मरणात होती. जून १९४४ च्या जी. आय. बिलाने, म्हणजे परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्याने, शिक्षण, घरकर्ज आणि बेकारी भत्ता यांची सोय केली. सुमारे ७८ लाख सैनिकांनी शिक्षण-प्रशिक्षणाचा लाभ घेतला, त्यांतले २२ लाखांच्या आसपास महाविद्यालयांत गेले. अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या आणि बँकांच्या हाती असल्याने दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकांना त्यातले फार थोडे मिळाले, हेही तितकेच खरे आहे.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद झाली आणि सोन्याशी बांधलेला डॉलर जागतिक चलनव्यवस्थेचा कणा ठरला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, म्हणजे महाडजवळच्या नाते गावचे आपले सी. डी. देशमुख, भारतीय शिष्टमंडळात होते. भारताच्या युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे साठलेल्या स्टर्लिंग शिलकीचा प्रश्न शिष्टमंडळाने तेथे मांडला, पण परिषदेने तो हाती घेतला नाही. नव्या व्यवस्थेत कोणाचे प्रश्न आधी सुटणार होते, ते यावरून समजते.

आता सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांच्याकडे वळतो, कारण सगळे परिवर्तन एका माणसात पाहायचे असेल तर मी नेहमी त्यांचेच उदाहरण देतो. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्सचे हे माजी संपादक नाय चौकशी समितीच्या प्रवर्तकांपैकी होते. लेंड-लीज कायद्याच्या विरोधात त्यांनी मत दिले होते. १० जानेवारी १९४५ रोजी त्यांनीच सिनेटमध्ये सांगितले की महासागर आता आपले रक्षण करणारे खंदक राहिलेले नाहीत, आणि युद्धानंतरच्या सामूहिक सुरक्षिततेला पाठिंबा दिला. जुलै १९४५ मध्ये सिनेटने संयुक्त राष्ट्रांची सनद ८९ विरुद्ध २ मतांनी मंजूर केली. १९२० ची सिनेट आणि ही सिनेट यांत पंचवीसच वर्षांचे अंतर होते. विल्सन यांची चूक टाळण्यासाठी या वेळी व्हँडेनबर्ग यांच्यासारख्या विरोधकांना, सनद तयार करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेच्या शिष्टमंडळातच घेतले होते.

पण सनद मंजूर करणे सोपे होते. तिच्यामागे सैन्य आणि पैसा उभा करणे अजून ठरलेले नव्हते. लेंड-लीज ऑगस्ट १९४५ मध्ये झटक्यात बंद झाले. जानेवारी १९४६ मध्ये मनिलात अमेरिकी सैनिकांनी घरी पाठवा म्हणून निदर्शने केली. १९४५ मध्ये गणवेशात सुमारे १ कोटी २० लाख माणसे होती, ती १९४७ च्या मध्यापर्यंत १५ लाखांच्या आसपास आली. देश पुन्हा घरी परतत होता. फेब्रुवारी १९४७ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार यापुढे झेपणार नाही असे ब्रिटनने कळवले, तेव्हा खरा निर्णय समोर आला. मार्चमध्ये ट्रुमन यांनी ४० कोटी डॉलर मागितले, जूनमध्ये परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी युरोपच्या पुनर्रचनेची योजना मांडली, तिच्याखाली पुढे सुमारे १३ अब्ज डॉलर खर्च झाले, आणि जुलैमध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने सीआयए ही गुप्तचर संस्था व राष्ट्रीय सुरक्षा परिषद निर्माण झाल्या. जुलै १९४९ मध्ये सिनेटने नाटो हा पश्चिम युरोपशी परस्पर संरक्षणाचा करार ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. युरोपातील देशाला लढण्याचे आगाऊ वचन द्यायचे नाही हा जो गाभा मी सुरुवातीला सांगितला, तो या मतदानात मोडला. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि मोठे खडे सैन्य कायम झाले.

नाटोविरुद्ध मत देणाऱ्या तेराजणांत ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट होते. कायमची सैन्यबांधिलकी अध्यक्षाच्या हातात अमर्याद सत्ता देईल, हा त्यांचा आक्षेप मी विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवत असे, कारण पुढच्या दशकांतील व्हिएतनामचा अनुभव पाहता तो फेटाळून लावण्याजोगा नव्हता. १९५२ मध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी त्यांच्याऐवजी नाटोचे पहिले सरसेनापती आयझेनहॉवर यांना मिळाली.

एक भिंत सर्वांत उशिरा खाली आली, आणि तिच्याशी आपला थेट संबंध आहे. अलगतेच्या काळाचीच दुसरी बाजू म्हणजे वंशमूळ पाहून कोटा ठरवणारा १९२४ चा स्थलांतर कायदा. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला होता. युद्धात भारत हा दोस्तांचा तळ असल्याने ही बंदी अडचणीची झाली आणि १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण येण्याची परवानगी होती वर्षाला १०० जणांना. शीतयुद्धात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची मने जिंकायची आणि त्यांच्याच नागरिकांना दारात अडवायचे, हे फार काळ चालणारे नव्हते. वंशमूळ पाहून कोटा देण्याची पद्धत १९६५ च्या कायद्याने रद्द झाली. पुण्या-मुंबईचे अभियंते आणि डॉक्टर न्यू जर्सीत आणि शिकागोत मोठ्या संख्येने स्थायिक होऊ लागले ते त्यानंतर.